जळालेल्या पोथीचा पंचनामा कोण करणार?

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्ता कार्यालयास खुले पत्र

पुणे

माननीय अभियोक्ता, उपअभियोक्ता आणि द हेग येथील आपले सर्व सहकारी,

सादर नमस्कार.

मी हस्तलिखितांच्या सूची करते. कुणाच्या वाड्यात, मठात, देवळाच्या माळ्यावर पोथ्यांचा गठ्ठा निघाला की रुमाल सोडायचा, वेखंडाची पूड आणि कसरीने पाडलेला भुगा मऊ ब्रशने झाडायचा, पानं मोजायची, एका पानावरच्या ओळी मोजायच्या, आरंभाची आणि शेवटाची ओळ जशीच्या तशी उतरवून घ्यायची. लिहिणाऱ्याने शेवटी आपलं नाव, गाव, शक घातला असेल तर तो टिपायचा आणि त्या पोथीला एक क्रमांक द्यायचा. गेली बावीस वर्षं मी हेच करते आहे. कायद्याचं शिक्षण माझं नाही. तरी टिंबक्टूच्या प्रकरणांतले आपल्या न्यायालयाचे निकाल मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. ते वाचून जे मनात राहिलं ते आपल्याला लिहिते आहे.

आधी जे झालं त्याबद्दल कृतज्ञता. एप्रिल २०१२ मध्ये अन्सार दीन आणि अल-कायदाच्या उत्तर आफ्रिकेतल्या शाखेच्या बंदूकधाऱ्यांनी मालीतलं टिंबक्टू शहर ताब्यात घेतलं. अहमद अल फकी अल महदी हा तिथल्या ‘हिस्बा’चा, म्हणजे लोकांच्या वागण्यावर पहारा ठेवणाऱ्या पथकाचा, प्रमुख झाला. ३० जून ते ११ जुलै २०१२ या दिवसांत कुदळी-पहारी घेऊन नऊ दर्गे पाडले गेले. सिदी याह्या मशिदीचा एक दरवाजा फोडला गेला. तो दरवाजा जगाच्या अंताच्या दिवशीच उघडेल, अशी तिथल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा होती. या दहा वास्तूंपैकी एक सोडून बाकी सगळ्या जागतिक वारसा यादीतल्या. नायजरने सप्टेंबर २०१५ मध्ये अल महदीला आपल्या हवाली केलं, २२ ऑगस्ट २०१६ रोजी त्याने गुन्हा कबूल केला आणि २७ सप्टेंबर २०१६ रोजी त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. फक्त वारशाच्या नाशाचा आरोप ठेवून आपल्या न्यायालयाने चालवलेला हा पहिलाच खटला.

त्या संध्याकाळी मी घरी आल्यावर मुलाला बसवून नकाशात टिंबक्टू दाखवलं होतं. सहाराच्या कडेला, नायजर नदीच्या वळणाजवळ. मातीच्या भिंती पाडल्याबद्दल एका माणसाला जगाच्या न्यायालयात उभं केलं, हे त्याला समजावून सांगताना माझा गळा भरून आला होता. पुढच्या वर्षीचा भरपाईचा आदेश तर मला त्या शिक्षेपेक्षाही मोठा वाटला. १७ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायाधीशांनी २७ लाख युरोंची जबाबदारी अल महदीवर ठेवली. त्याच्याकडे पैसे नव्हते, म्हणून पीडितांसाठीच्या निधीने पुढे यावं असं सांगितलं. ज्यांचं पोट केवळ त्या दर्ग्यांवर चालत होतं त्यांचा वेगळा विचार केला. ज्यांच्या पूर्वजांच्या कबरी तिथे होत्या त्यांच्या मनाला झालेली जखमही मोजली. वास्तूच्या मागे तिला सांभाळणारी माणसं असतात, हे कायद्याच्या भाषेत इतक्या स्पष्टपणे लिहिलेलं मी त्याआधी वाचलं नव्हतं.

आता जे राहून गेलं त्याबद्दल.

जानेवारी २०१३ च्या अखेरीस फ्रेंच आणि माली सैन्य टिंबक्टूच्या जवळ आलं, तेव्हा पळून जाणाऱ्या बंदूकधाऱ्यांनी अहमद बाबा संस्थेत हस्तलिखितांना आग लावली. दक्षिण आफ्रिकेच्या मदतीने बांधलेली ती नवी इमारत २००९ मध्ये उघडली होती. ताबा असताना हेच लोक त्या इमारतीत राहत होते. सुमारे ४,००० हस्तलिखितं नष्ट झाली. तळघरातली बरीच वाचली, कारण तिथवर कुणी पोचलं नाही. जळाली त्यांत जतनासाठी आणि छायाचित्रणासाठी बाहेर काढून ठेवलेली होती. माझ्यासारखं काम करणाऱ्या कुणीतरी ती पानं कपाटातून काढून टेबलावर मांडली होती. आजारी म्हणून उपचाराला आणलेलीच जळाली, हा विचार मला अजून सोडत नाही.

या आगीचा एक शब्दही अल महदीच्या शिक्षेत नाही. त्याचं कारण मला कळतं. त्याचं पद सप्टेंबर २०१२ मध्येच गेलं होतं, त्यामुळे जानेवारीची आग त्याच्या माथी मारता आली नसती, आणि मारूही नये. पण नंतर त्याच बंदूकधाऱ्यांच्या पोलीस पथकातल्या अल हसनवर खटला चालला तेव्हाही वारशाविषयीचा आरोप होता तो दर्ग्यांबद्दल. त्या आरोपातून तो सुटला. अन्सार दीनचा म्होरक्या इयाद अग घाली याच्या नावाने २०१७ मध्ये काढलेलं आणि जून २०२४ मध्ये खुलं केलेलं अटक वॉरंट मी वाचलं, त्यातही धार्मिक इमारती आणि ऐतिहासिक स्मारकांवरचे हल्ले आहेत. तेरा वर्षं उलटून गेली. पाडलेल्या भिंतींचा हिशेब तुमच्या दप्तरी वीट न्‌ वीट आहे, आणि जळालेल्या पानांचा कुठेच नाही.

ते दर्गे मातीचे होते. टिंबक्टूचे गवंडी बापाकडून मुलाकडे आलेल्या हातोटीने त्या मातीला लेप देत आले आहेत. २०१५ च्या जुलैपर्यंत युनेस्कोच्या साहाय्याने त्याच गवंड्यांनी ते दर्गे पुन्हा उभे केले. मूळचे ते गेलेच, त्यांची भरपाई नाही, हे मी मानते. तरीही लोकांना तिथे जाऊन डोकं टेकवता येतं. चारशे वर्षांपूर्वी कुणी एकाने आपल्या शिक्षकाकडून ऐकलेलं ग्रहणाचं गणित एकाच प्रतीत लिहून ठेवलं असेल आणि ती प्रत त्या टेबलावर असेल, तर ती कुठला गवंडी उभी करणार? जे पुन्हा उभं करता आलं त्याचा खटला झाला आणि ज्याला परत येण्याची वाटच नाही ते खटल्याबाहेर राहिलं. माझ्या पत्राचं कारण एवढंच आहे.

इथे मला आमच्याकडची एक गोष्ट सांगू द्या.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मी एका आजींकडे गेले होते. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात जी जाळपोळ झाली, तीत त्यांचा वाडा जळाला. आजी तेव्हा लग्न होऊन नुकत्याच त्या घरात आल्या होत्या. वाड्यात पाच पिढ्यांचं दप्तर, म्हणजे जुन्या कागदपत्रांचा संग्रह, होतं, ते सगळं गेलं. त्यांच्याकडे मला दाखवायला दोनच कागद होते. पहिला, त्या वेळी सरकारात केलेल्या नुकसानीच्या अर्जाची नक्कल. त्यात वाड्याचे खण होते, दारं-खिडक्या होत्या, तांब्या-पितळेची भांडी होती, कणगीतलं धान्य होतं. दप्तराचा उल्लेख नव्हता. कागदांची किंमत काय लिहायची, हे कुणाला सुचलं नसेल. दुसरा कागद म्हणजे मोडीत लिहिलेली चार बंदांची एक याद. दप्तरात काय काय आहे याची ती यादी, आगीच्या कितीतरी आधी कुणा सोयऱ्याकडे वाचायला गेलेली, म्हणून वाचलेली.

आजींना मोडी येत नव्हती. मी वाचत गेले. वैद्यकाचं बाड, पत्रे ४१, आरंभीची दोन गहाळ. पाटाच्या पाण्याच्या वाटपाचा महजर (निवाड्याचा कागद), शिक्क्यानिशी. ओव्यांची वही, बायकी अक्षर. तिथे त्यांनी मला थांबवलं. “बायकी अक्षर असं लिहिलंय?” मी म्हटलं, हो. त्या कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सासूबाई सांगायच्या, त्यांच्या आजेसासूबाई ओव्या लिहायच्या. मला वाटायचं, उगाच सांगतात. लिहिलंय म्हणजे होतं ना.”

लिहिलंय म्हणजे होतं. माझ्या कामाची याहून नेमकी व्याख्या मला कुणी सांगितलेली नाही. आणि आपल्या कार्यालयाला ज्या पुराव्याची गरज आहे तोही हाच आहे.

कारण इमारत पाडली की ढिगारा राहतो. उपग्रहाचं आधीचं छायाचित्र आणि नंतरचं छायाचित्र शेजारी ठेवलं की न्यायाधीशांना दिसतं. पोथी जळाली की मूठभर राख राहते आणि कुठलीही राख दुसऱ्या राखेसारखीच दिसते. काय जळालं हे सिद्ध कसं करायचं, असा प्रश्न आपल्या तपास अधिकाऱ्यांना पडला असेल तर तो रास्त आहे. त्याचं उत्तर सूचीत आहे. चांगल्या सूचीतली नोंद हा त्या पोथीचा जिवंतपणी केलेला पंचनामा असतो. आकार, पानं, ओळी, शाई, अक्षराचं वळण, कुठे वाळवीने खाल्लंय, कुठे पाणी लागलंय, पहिला शब्द कोणता, शेवटचा कोणता, कुणाच्या मालकीची, कुणी कुणासाठी लिहिली. माणसाच्या ओळखपत्रावर असतं त्याहून जास्त तिथे लिहिलेलं असतं.

अहमद बाबा संस्थेच्या बाबतीत अशी सूची आहे. संस्था १९७३ पासून काम करते आहे. लंडनच्या अल-फुरकान प्रतिष्ठानने १९९० च्या दशकात तिच्या संग्रहाच्या सूचीचे खंड छापले. ते जगभरच्या ग्रंथालयांत आहेत. दुसऱ्या बाजूला, वाचलेली हस्तलिखितं कोणती हेही आता मोजता येतं. शहर बंदूकधाऱ्यांच्या ताब्यात असताना टिंबक्टूचे ग्रंथपाल अब्देल कादर हैदरा आणि त्यांच्या सोबत्यांनी पत्र्याच्या ट्रंकांत भरून, गाढवांच्या गाड्यांवरून, नायजरच्या होड्यांतून, चौक्या चुकवत लाखो हस्तलिखितं बामाकोला पोचवली. कोरड्या वाळवंटातून दमट राजधानीत आल्यामुळे त्यांतल्या काहींना बुरशीचा त्रास झाला, पण ती वाचली. ऑगस्ट २०२५ मध्ये संस्थेच्या मालकीची हस्तलिखितं टिंबक्टूला परत न्यायला सुरुवात झाली. दोनशेहून अधिक पेट्या, साडेपाच टन वजन. ती बातमी वाचली त्या दिवशी आमच्याकडे आम्ही पेढे वाटले. आता काम उरलं आहे ते वजाबाकीचं. छापील सूचीतून परत आलेल्या पेट्या वजा करा. तळघरात वाचलेली वजा करा. जे उरेल ती आपल्या आरोपपत्राची पुरवणी आहे, क्रमांकासहित. सूची छापल्यानंतर संग्रहात आलेल्या पोथ्या तिच्यात नसतील, हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी संस्थेची आवक-वही आणि तिथल्या कर्मचाऱ्यांच्या आठवणी आहेत. त्या आठवणी आहेत तोवर जाऊन बसायला हवं. माझ्या अनुभवाने सांगते, असा माणूस गेला की अर्धी सूची त्याच्याबरोबर जाते.

सूचीला न्यायालयात पुरावा मानणं नवं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गमध्ये नाझी नेता आल्फ्रेड रोझेनबर्गला फाशी झाली तेव्हा त्याच्या गुन्ह्यांत युरोपभरच्या चित्रांची आणि ग्रंथसंग्रहांची लूटही होती. निकालपत्रात आकडा आहे : १४ जुलै १९४४ पर्यंत पश्चिम युरोपातून २१,९०३ हून अधिक कलावस्तू. हा आकडा आला लुटणाऱ्यांच्याच नोंदींतून. त्यांनी लुटीची टापटीप सूची ठेवली होती, छायाचित्रांचे अल्बम केले होते, आणि ते अल्बमच न्यायालयात त्यांच्यासमोर ठेवले गेले. पूर्वीच्या युगोस्लाव्हियासाठी नेमलेल्या न्यायालयात तर आंद्रास रीडलमायर नावाचे हार्वर्डचे ग्रंथपाल साक्षीला उभे राहिले. बोस्निया आणि कोसोव्होतल्या मशिदी, ग्रंथालयं, संग्रह यांचं काय झालं हे त्यांनी गावोगाव हिंडून नोंदवलं होतं. १७ मे १९९२ रोजी सारायेवोची प्राच्यविद्या संस्था तोफगोळ्यांनी पेटली आणि पाच हजारांहून अधिक हस्तलिखितं गेली, तेव्हा याच ग्रंथपालांनी आणखी काही जणांबरोबर जगभरच्या अभ्यासकांकडे पडलेल्या मायक्रोफिल्म आणि झेरॉक्स प्रती गोळा करायला घेतल्या. एक ग्रंथपाल साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून क्रमांक वाचतो आहे, हे चित्र माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकाने डोळ्यांसमोर ठेवावं असं मला वाटतं.

आता कायद्याबद्दल. माझं वाचन तोकडं आहे, चूक असेल तिथे दुरुस्त करा.

१९०७ च्या हेग नियमांतल्या ५६व्या कलमात ऐतिहासिक स्मारकांच्या जोडीला ‘कला व विज्ञानाच्या कृती’ असे शब्द आहेत. १९५४ च्या हेग कराराने पहिल्याच कलमात हस्तलिखितं आणि पुस्तकं असं नाव घेऊन म्हटलं आहे. १९९३ मध्ये युगोस्लाव्हिया न्यायालयाची संविधी, म्हणजे त्याचा मूळ कायदा, लिहिली गेली तेव्हाही ‘कला व विज्ञानाच्या कृती’ तिच्या तिसऱ्या कलमात होत्या. आणि १९९८ च्या रोम संविधीत, जिच्यावर आपलं न्यायालय उभं आहे, आठव्या कलमात उरल्या आहेत त्या धर्म, शिक्षण, कला, विज्ञान वा धर्मादाय कामासाठी असलेल्या इमारती, ऐतिहासिक स्मारकं आणि रुग्णालयं. कृती गळून पडल्या. ज्या वस्तूसाठी इमारत बांधली ती वस्तू यादीतून गेली आणि इमारत राहिली. आजींच्या अर्जातही असंच झालं होतं, खण मोजले आणि दप्तर राहिलं.

संविधी बदलणं हे सदस्य देशांचं काम आहे, आपल्या कार्यालयाचं नव्हे. माझा देश तर सदस्यही नाही. १९९८ च्या मतदानात भारत तटस्थ राहिला आणि आजही बाहेर आहे, याची मला खंत आहे. पण आहे त्या संविधीतही वाटा दिसतात. अहमद बाबा संस्था ही शिक्षण आणि विज्ञानासाठी असलेली इमारत आहे. तिच्या आतल्या संग्रहाला आग लावणं हा त्या इमारतीवरचाच हल्ला का मानू नये? तिच्यात संग्रह नसेल तर ती चार भिंतींची कचेरी आहे. लुटीचा गुन्हा संविधीत आहे. युद्धाची निकड नसताना विरोधी पक्षाची मालमत्ता नष्ट करण्याचा गुन्हा आहे. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत छळाचा, म्हणजे एखाद्या समूहाला त्याच्या ओळखीपायी लक्ष्य करण्याचा, गुन्हा आहे. जून २०२१ मध्ये आपल्याच कार्यालयाने सांस्कृतिक वारशाविषयी जे धोरण प्रसिद्ध केलं, त्यात वारशाची व्याख्या इमारतींपुरती ठेवलेली नाही. जंगम वस्तू आणि अमूर्त परंपराही तिच्यात घेतल्या आहेत. धोरणात जे मान्य केलं ते एखाद्या आरोपपत्रात उतरलेलं मला अजून पाहायला मिळालेलं नाही.

‘हल्ला’ या शब्दावर आपल्याच न्यायालयात एकमत नाही, हेही मी वाचलं. अल महदीच्या निकालात म्हटलं होतं की लढाई चालू असताना असो की शहर ताब्यात आल्यावर असो, संरक्षित वास्तूवरची हिंसा हा हल्लाच. पुढे काँगोतला बंडखोर सेनानी बोस्को न्तागांडा याच्या खटल्यात २०१९ मध्ये न्यायाधीशांनी वेगळा अर्थ लावला. लढाई संपल्यावर चर्चमध्ये झालेली लूटमार त्यांनी या कलमाखाली धरली नाही. मार्च २०२१ मध्ये अपिलातही न्यायाधीशांची मतं विभागलेलीच राहिली. हा वाद अभ्यासकांना तात्त्विक वाटत असेल. मला तो फार जवळचा वाटतो, कारण पोथ्या भर लढाईत क्वचितच मरतात. जिंकणारा निवांत झाल्यावर त्या मरतात, किंवा हरणारा पळताना रागाने काडी लावतो तेव्हा. तोफेचा गोळा चुकून ग्रंथालयावर पडला असं एक वेळ म्हणता येईल. पण खोलीत शिरून, खोक्यांतून कागद काढून, ढीग करून पेटवणं हे चुकून होत नाही. हेतू इतका उघड असलेली कृती ‘हल्ला’ नाही असं ठरणार असेल, तर त्या शब्दासाठी पुन्हा भांडायला हवं, आणि भांडण्यासाठी टिंबक्टूच्या आगीइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मिळणं कठीण.

माणसांपुढे कागदांचं काय, असा प्रश्न येईल, आणि तो यायलाच हवा. त्याच टिंबक्टूत त्याच महिन्यांत बायकांना कोंडलं गेलं, फटके मारले गेले, एका माणसाचा हात भर चौकात तोडला गेला. अल महदीवर फक्त वास्तूंचे आरोप ठेवले म्हणून मानवाधिकार संघटनांनी तेव्हा नाराजी व्यक्त केली होती आणि त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. अल हसनला छळासारख्या गुन्ह्यांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, ती त्या माणसांसाठी होती आणि ती आधी व्हायला हवी होती. मालमत्तेविरुद्धचे गुन्हे सहसा माणसांविरुद्धच्या गुन्ह्यांइतके गंभीर नसतात, असं अल महदीच्या निकालपत्रात न्यायाधीशांनीही लिहिलं आहे. मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. एका बाईच्या पाठीवरचा वळ आणि एक जळालेली पोथी एका तराजूत मी कधी ठेवणार नाही.

पण टिंबक्टूच्या हस्तलिखितांना ‘कागद’ म्हणताना थोडं थांबावं. ती सरकारी कोठारात जन्मलेली नाहीत. ती घरांतली आहेत. कुणाच्या लग्नाचा करार, कुणाच्या गुलामगिरीतून सुटकेचा दाखला, उंटांच्या तांड्याचा हिशेब, तापावरचं औषध, नक्षत्रांची कोष्टकं, आणि समासात नातवाने आजोबांशी घातलेला वाद. अरबी लिपीत अरबीबरोबर सोंघाय, तमाशेक, फुलानी भाषाही लिहिल्या गेल्या. ज्यांच्या नावाने ही संस्था आहे ते अहमद बाबा १५५६ ते १६२७ या काळात होऊन गेले. मोरोक्कोच्या फौजेने टिंबक्टू जिंकल्यावर त्यांना साखळदंडात माराकेशला नेण्यात आलं. आपले १,६०० ग्रंथ लुटले गेले, आणि आपल्या नातेवाइकांत आपलाच संग्रह सगळ्यांत लहान होता, अशी तक्रार त्यांनी केल्याची नोंद आहे. चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने आकडा सांगून केलेली ही फिर्यादच आहे. ती कुणी दाखल करून घेतली नाही. त्यांच्याच नावाच्या इमारतीत दुसऱ्यांदा तेच घडलं, तेव्हा मात्र फिर्याद दाखल करून घेणारं एक न्यायालय जगात आहे.

आमच्या पुण्यातही ५ जानेवारी २००४ रोजी एका जमावाने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात घुसून कपाटं पाडली, ग्रंथ आणि हस्तलिखितं विस्कटली. तो युद्धगुन्हा नव्हता आणि आपल्या न्यायालयाचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण जमिनीवर पसरलेल्या सुट्या पानांकडे पाहताना पोटात काय होतं, ते हे शहर जाणतं. टिंबक्टूच्या टेबलांची छायाचित्रं पाहिली तेव्हा मला ती परकी वाटली नाहीत.

आमच्याकडे जुने लेखक पोथी पुरी झाली की शेवटी एक श्लोक लिहीत. पाणी, आग, चोर आणि उंदीर यांच्यापासून हिला सांभाळा, कष्टाने लिहिली आहे, असं त्यात सांगितलेलं असतं. शेकडो पोथ्यांच्या शेवटी मी तो वाचला आहे. पाण्याचं, उंदरांचं आणि जमेल तितकं चोरांचं आम्ही सूचिकार आणि जतनकार बघतो. मुद्दाम लावलेल्या आगीपुढे आमच्याकडे काही नाही. तिथे आपण लागता.

म्हणून माझ्या विनंत्या अशा. इयाद अग घाली अजून हाती लागलेला नाही. तो लागेल त्या दिवसाची वाट न पाहता, अहमद बाबा संस्थेतल्या आगीचा तपास आपल्या माली प्रकरणाच्या दप्तरात स्वतंत्रपणे उघडावा. ती आग कुणी लावली, कुणाच्या हुकमाने, हे मला ठाऊक नाही आणि मी कुणाला दोषी धरत नाही. शोधायला हवं, एवढंच म्हणते. मालीने सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयातून बाहेर पडण्याची घोषणा केली आहे. तरी त्या आधीच्या गुन्ह्यांवरचा आपला अधिकार त्यामुळे संपत नाही, असं संविधीच सांगते. मात्र तिथे जाणं दिवसेंदिवस अवघड होईल, म्हणून साक्षी घेण्याची घाई करावी. तपासाच्या पथकात एक तरी सूचिकार घ्यावा, शक्यतो टिंबक्टूचाच, अरबी आणि सोंघाय हस्ताक्षरं ओळखणारा. आणि पुढे कधी भरपाईचा आदेश होईल तेव्हा दर्ग्यांच्या रखवालदारांना आणि गवंड्यांना जसं मोजलं, तसं हस्तलिखितं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या घराण्यांना, आणि ज्या कर्मचाऱ्यांच्या टेबलावरची पानं जळाली त्यांनाही मोजावं.

एक सूचना माझ्या कामातली. हरवलेल्या पोथीचा क्रमांक आम्ही दुसऱ्या पोथीला देत नाही. सूचीत ती ओळ तशीच ठेवतो आणि शेवटच्या रकान्यात ‘गहाळ’ असं लिहून कधी, कशाने, एवढं नमूद करतो. टिंबक्टूच्या त्या ४,००० ओळींच्या शेवटच्या रकान्यात ‘जळाली, जानेवारी २०१३’ इतकं कुणीतरी लिहिलंच असेल. त्याच्या पुढे खटल्याचा क्रमांक लिहिण्याइतकी जागा अजून आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
पुण्यातील एक सूचिकार